अडतीस नंबरच्या घरातला ‘मी’

त्या उन्हाळ्यातले बरेच दिवस मला दिसत नाहीत, ऐकू येतात. गोंदियातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत मी दुपारभर हेडफोन लावून बसायचे. कूलर बंद ठेवावा लागे, कारण त्याच्या घरघरीत बायांचे आवाज बुडत. खिडकीला ओला टॉवेल, मानेवर घाम, आणि कानात केशोरीकडच्या एका गावातली सकाळ. कोंबडा, हापशीचा दांडा, कुणाचं तरी खोकणं. मग एक बाई म्हणते, “हं, इचार आता काय इचारतेस ते.” त्यानंतर माझा आवाज येई. तो मला कधीच आवडला नाही. प्रश्न विचारताना मी माफी मागत असल्यासारखी बोलते.

काम संसदेचं होतं. म्हणजे संसदेच्या एका समितीनं दिल्लीच्या एका विद्यापीठाला अभ्यास करायला सांगितला होता, की जंगलाला लागून असलेल्या घरांमध्ये काम कोण करतं आणि निर्णय कोण घेतं. देशातले काही जिल्हे निवडले होते, त्यांत गोंदिया होता. विद्यापीठाला इथली बोली समजणारी आणि इंग्रजी लिहिणारी मुलगी हवी होती. इंग्रजी मला शाळेमुळे येत होतं, बोली आईच्या माहेरामुळे. दोन्हींत माझं कर्तृत्व काही नव्हतं. पण नेमणुकीच्या पत्रावर संसदेचा उल्लेख होता, आणि आईला तेवढं पुरलं.

“माही पोरगी संसदेत लागली,” तिनं गल्लीभर सांगितलं.

समोरच्या काकू फाटकाशी येऊन म्हणाल्या, “अरे वा! सांसदजी से रोज मिलती होगी?”

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाही सांगता आलं नसतं.

“तो बोल देना जरा, हमारी गली की नाली का काम बाकी है.”

आता गावाबद्दल. त्याचं नाव लिहीत नाही. अडतीस नंबरच्या घरातल्या बाईला विचारूनच हे लिहिते आहे. “आता लिव,” ती म्हणाली. माणसांची नावं घ्यायची नाहीत असा विद्यापीठाचा नियम होता, म्हणून प्रत्येक घराला नंबर होता. तो नियम माझ्या अंगात इतका मुरला की त्या गावातली माणसं मला अजून आकड्यांनीच आठवतात.

मार्चअखेर मी केशोरीला मामीकडे राहायला गेले. तिची स्कूटी घेऊन रोज अंधारातच निघायचं, कारण मोहाची फुलं पहाटे गळतात आणि बाया त्याआधी झाडाखाली पोहोचलेल्या असतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन स्वच्छ केलेली असते. त्या काळ्या जमिनीवर पिवळसर पांढरी फुलं पडत. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पाठीमागे कुठेतरी दुसरं टप्. उजेड कुठून येतोय ते कळायचं नाही, फुलांतून येतोय असंच वाटायचं. त्या गोड, जड वासानं माझं डोकं हलकं व्हायचं. मी रेकॉर्डर पदराखाली धरावा तसा ओढणीखाली धरून उकिडवी बसायचे आणि बाया माझ्याभोवती वाकून वेचत सरकत राहायच्या. त्यांच्या टोपल्या भरत जायच्या आणि बोलणं त्यांच्या हातांबरोबर पुढे सरकायचं. कोण काय बोललं ते नंतर मला वेगळं काढता येत नसे. सगळ्या मिळून एकच बाई बोलते आहे, आणि ती झाडाच्या आतून बोलते आहे, असं काहीसं.

अडतीस नंबर मात्र वेगळी लक्षात राहिली. माझ्या आईच्या वयाची, काटकुळी. प्रत्येक फूल टोपलीत टाकण्याआधी ती अंगठ्यानं दाबून बघायची. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला पहिल्या दिवशी “बाई” म्हणाली, थट्टेनं, आणि मग तेच चालू ठेवलं.

“काय वो बाई, इतक्या दुरून आली, आन् इचारून राहिली का मी सकाळी उठून काय करतो?”

“हो. सगळं सांगा. उठल्यापासून.”

“उठतो. सडा टाकतो. चूल पेटवतो. मंग मोहाले येतो. घरी जातो, मोहा वाळू घालतो, भात रांधतो. मंग धानाच्या बांधीत जातो.” ती थांबली. “तू लिवून राहिली का नुसती मान हालवून राहिली?”

बाकीच्या हसल्या. मी रेकॉर्डर दाखवला.

“हे सगळं दिल्लीले जाते? चूल पेटवतो ते बी?”

“हो.”

“बाप्पा. त्याइच्या चुली नाई काय?”

शेवटचा प्रश्न होता, घरातले निर्णय कोण घेतं. त्यावर बहुतेक बाया “मानूस घेते, आन् कोन?” म्हणून पुढचं फूल उचलत. अडतीस नंबर इकडेतिकडे बघून माझ्याजवळ सरकली आणि रेकॉर्डरशी नव्हे, माझ्या कानाशी बोलली.

“मीच ठरवतो. मोहा कवा इकाचा, किती ठेवाचा, कोन्या बांधीत कोनतं धान टाकाचं, समदं मीच ठरवतो. त्याइले वाटते का तेच ठरवून राह्यले. वाटू देतो मी.”

मी हसले नाही, पण ते वाक्य मला इतकं आवडलं की परत येताना स्कूटीवर मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. रस्त्यावर ऐकायला कुणी नव्हतं.

मे महिना त्या आवाजांना कागदावर उतरवण्यात आणि मग इंग्रजीत नेण्यात गेला. बिरसीच्या पायलट शाळेची छोटी विमानं दुपारभर आमच्या छतावरून फेऱ्या मारायची, तीच तीच फेरी, आणि मीही रेकॉर्डिंग तेच तेच मागे नेऊन ऐकायचे. कधी डोळा लागायचा. तेव्हा मला टीव्हीवर पाहिलेलं ते हिरव्या बाकांचं सभागृह दिसायचं, रिकामं, आणि वरून मोहाची फुलं गळायची. बाकांवर, टेबलांवर, माइकवर. टप्. बाया वाकून बाकांखालून फुलं वेचत असायच्या आणि कुणी त्यांना अडवत नसे. जाग यायची तेव्हा हेडफोनमध्ये अजून कुणीतरी बोलत असायचं.

अडतीस नंबरचं वाक्य इंग्रजीत नेताना मी एक पूर्ण दुपार घेतली. ‘त्याइले’चं काय करायचं? नवऱ्याला ती अहोजाहो करत होती. मी ‘दे’ लिहिलं. त्यांना वाटतं की तेच ठरवताहेत; मी त्यांना वाटू देते. इंग्रजीत ‘आय’ला बाई-पुरुष काही नसतं, हे मला शाळेपासून आवडायचं. त्या अक्षरामागे माणूस छान लपतो. वाक्य नीट बसलं आणि मी ते मराठी पानांसोबत पाठवून दिलं.

जुलैच्या शेवटी अहवालाचा मसुदा आला. मॅडमनी, म्हणजे दिल्लीच्या प्राध्यापकबाईंनी, लिहिलं होतं, गोंदियाच्या प्रकरणातली गावांची स्पेलिंगं तेवढी तपासून दे. मी रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास म्हणून ते उघडलं. प्रकरणाच्या सुरुवातीलाच, वर, तिरप्या अक्षरांत, माझं वाक्य होतं. खाली लिहिलं होतं: एका पुरुषाचं निवेदन.

मला वाटलं दुसऱ्या कुणाचं असेल. पुढे वाचलं. त्या पुरुषाला विचारलं असता तो म्हणाला की घरात सर्व काही तोच ठरवतो, आणि घरातल्या बायकांना वाटतं की त्या ठरवताहेत, तर तो त्यांना तसं वाटू देतो. त्यावर मॅडमचा एक परिच्छेद होता, मृदू दिसणाऱ्या पुरुषी सत्तेविषयी. चांगला लिहिला होता. त्याखाली एक निष्कर्ष होता, ‘अनपेक्षित’ असा शब्द वापरून: या भागात मोह वेचण्याचं काम मुख्यतः पुरुष करतात.

मी ते पान दोन-तीन वेळा वाचलं. मग खाली गेले. आई पोळ्या लाटत होती. “जेवतेस का? मी वाढतो,” ती म्हणाली, आणि मी तिथेच दारात उभी राहिले.

मी वाढतो. माझी आई आयुष्यभर असंच बोलत आली आहे. मी येतो, मी जातो, मी वाढतो. आमच्याकडच्या सगळ्या बाया असंच बोलतात. लहानपणी मीही बोलायचे. शाळेत मराठीचा तास आठवड्यातून थोडाच असायचा, आणि पहिलीतल्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, “तू मुलगी आहेस की मुलगा?” वर्ग हसला. त्यानंतर मी ‘जाते’ म्हणायला शिकले, आणि मुळात कमी बोलायला. इतकं सगळं होऊनही ती चूक मला हेडफोनमध्ये ऐकू आली नव्हती, कारण मला बाईचा आवाज ऐकू येत होता. आवाज पुढे गेलाच नाही. गुप्ततेच्या नियमानं रेकॉर्डिंगं कुलपात गेली. नावाचा रकाना काढताना बाई-पुरुषाचा रकानाही सोबत निघून गेला. मग, मला नंतर कळलं, अभ्यासातल्या पुण्याकडच्या एका सरांनी माझी मराठी पानं वाचून क्रियापदांवरून खुणा केल्या. उठतो, पुरुष. वेचतो, पुरुष. ठरवतो, पुरुष. भूतकाळ असता तर लगेच कळलं असतं, बाया ‘मी गेली होती’ असं म्हणतात. पण आमचे सगळे प्रश्न रोजच्या दिवसाचे होते. रोजच्या दिवसात आमच्या बाया पुरुष असतात.

मी मेल लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला आणि मॅडमनी उचलल्यावर पहिलं वाक्य विसरले.

“बोलो बेटा.”

मी सांगितलं. मध्येच थांबत, पहिलीतल्या बाईंचं सोडून बाकी सगळं.

“मतलब वो खाना पकानेवाला आदमी...” मॅडम म्हणाल्या.

“बाई आहे.”

“और जो चूल्हा जलाता है, झाड़ू लगाता है... हे भगवान. मैं सोच रही थी, क्या प्रोग्रेसिव्ह ज़िला है!” त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता थांबल्या. “और वो कोट? ऊपरवाला?”

“तीपण बाई आहे. ‘दे’ म्हणजे तिचा नवरा.”

मग त्यांचा आवाज बदलला. पुरुषाचं म्हणून वाक्य साधं होतं, बाईचं म्हणून ते सोनं आहे, हेच प्रकरणाच्या वर राहील, समितीचे सदस्य हेच लक्षात ठेवतील, असं त्या भराभर बोलत होत्या. बाकीच्या खुणा त्या त्याच दिवशी दुरुस्त करून घेणार होत्या. पण अंतिम अहवाल जाण्याआधी त्याचा मराठी सारांश पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचा, अशी समितीची अट होती. सारांशातही हे वाक्य असणार. “उसको पूछ के आओ. हाँ बोलेगी तो रखेंगे. समरी छपने में चार दिन हैं.”

मी सकाळच्या गाडीनं अर्जुनीला उतरले आणि तिथून एसटीनं केशोरीला. धानाची रोवणी आटोपत आली होती. खिडकीतून दोन्ही बाजूंनी पाणी भरलेल्या बांध्या सरकत होत्या आणि त्यांत आभाळ खाली पडलेलं होतं. ढग रोपांच्या मधून चालले होते. मला वाटत होतं, गाडी पोहोचूच नये.

अडतीस नंबरच्या ओसरीवर तिचा नवरा दोर वळत बसला होता. शांत, उंच माणूस. मार्चमध्ये मी त्याच्याशी दोन वाक्यंही बोलले नव्हते.

“काऊन वो बाई, आता काय राह्यलं इचाराचं?”

“मावशींना एक... बायांचा प्रश्न आहे,” मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

तो लगेच दुसरीकडे बघू लागला. मावशी मला घरामागच्या सांदवाडीत, भाजीच्या वाफ्यांमध्ये घेऊन गेली. दोडक्याचे वेल मांडवावर चढले होते. त्याखाली हिरवा अंधार होता, आणि आम्ही दोघी त्यात वाकून उभ्या.

मी तिला सांगितलं की दिल्लीत तिला पुरुष समजले.

ती आधी समजली नाही. मग समजली. तोंडावर पदर दाबून ती वाफ्यात बसलीच. “मानूस झाली का मी दिल्लीत? मंग मिशा बी लावल्या असतीन!” डोळ्यांतलं पाणी पुसून म्हणाली, “आन् माहा मानूस? तो मंग बाई झाला का?”

“हो. तुमची बायको.”

ती पुन्हा हसली. एवढं मनसोक्त कुणी माझ्या बोलण्यावर हसलेलं मला आठवत नाही. मग मी बाकीचं सांगितलं, की आता ते दुरुस्त होणार, तिचं वाक्य बाईचं म्हणून सगळ्यांत वर छापणार, संसदेची समिती वाचणार. आणि ग्रामसभेत वाचतील.

तिचं हसू थांबलं. “इथं? त्याइच्या समोर?”

“नाव नसेल.”

“नाव कायले पायजे? माहं बोलनं आयकून गावातलं कुत्रं बी ओळखीन.”

ती वेलाचा एक धागा सोडवत राहिली. मग हळू आवाजात बोलली, मोहाखाली बोलली होती तशी.

“पोरीची बारावी झाली. तिले गोंदियाले नर्सिंगले टाकाचं हाय मले. तीन महिने झाले, मी त्याइच्या डोक्यात पेरून राहिली. एकदम सांगतलं असतं तं नाई म्हनले असते, आन् एकदा नाई म्हनलं का संपलं, मंग तो मानूस हालत नाई. आता उगवून राह्यलं. परवा मलेच म्हनते, पोरीले शिकवलं पायजे. मी म्हनलं, कायले? घरचं कोन पाहीन? आता तेच मले समजावून राह्यले.” ती माझ्याकडे बघत होती. “अजून पंधरा-वीस दिवस लागतीन. मधात हे वाचलं तं समजलं त्याले, का हे माही बायको करून राहिली. मंग पोरगी घरीच.”

तिनं सोडवलेला धागा मांडवाच्या काठीला गुंडाळला.

“राहू दे मंग मानूसच,” ती म्हणाली. “मिशा राहू दे.”

मला ते सोपं वाटलं. पण मी तिला वाक्य पुरुषाच्या तोंडी म्हणून दाखवलं, दिल्लीत समजले तसं. सगळं मीच ठरवतो, बायकोला वाटतं तीच ठरवते, वाटू देतो मी. तिनं ते ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

“वंगाळ लागते.”

“हो.”

“मी बोलली तवा असं नोतं लागत.”

“नाही.”

“मंग काढून टाक.”

मला वाईट वाटलं, आणि ते लपवता आलं नाही. ते वाक्य मी इंग्रजीत नेलं होतं. एक दुपार घालवून. खरं सांगायचं तर ते थोडं माझंही झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी कुठल्यातरी पानावर सगळ्यांत वर होतं. “मावशी, पण ते संसदेत...” मी म्हणाले.

“संसदेत जाऊन ते काय करन, पोरी? इथं ते काम करून राह्यलं.”

पहिल्यांदाच ती मला बाई म्हणाली नाही.

केशोरीच्या बसस्टँडवर रेंज येत-जात होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या वाईट माणूस नाहीत, हे मला लिहिलं पाहिजे. त्यांनी फक्त एकेक वाट काढून पाहिली. जिल्ह्याचं नाव बदलू? “नाही, मॅडम.” सारांशात नको, फक्त अहवालात ठेवू? मला माहीत होतं की अहवाल नेटवर जाईल, त्याची बातमी होईल, आणि मोबाईल त्या घरातही आहे. “नाही, मॅडम.” वाक्य थोडं फिरवून, दोन बायांचं एकत्र करून? एसटी लागली, लोक माझ्या अंगावरून चढले. “नाही, मॅडम. ती नाही म्हणाली आहे.” एका फोनमध्ये तीनदा नाही. माझा आवाज, हे मला तेव्हाच जाणवलं, माफी मागत नव्हता.

“ठीक है,” मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळानं, “फिर चैप्टर के ऊपर क्या रखूँ?”

गोंदियाच्या प्रकरणाच्या वर आजही काही नाही. बाकीच्या जिल्ह्यांच्या प्रकरणांवर एकेक वाक्य आहे.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीच्या आवारात ताडपत्री टाकली होती. मॅडम येणार होत्या, पण विमान चुकलं, आणि कागद माझ्या हातात आले. पुरुष खुर्च्यांवर आणि कठड्यावर, बाया ताडपत्रीच्या मागच्या टोकाला. मी वाचायला लागले. कागदावरून मान वर न काढता वाचणं मला जमतं.

“या भागात मोह वेचण्याचं काम मुख्यतः बाया करतात.”

“हे सांगाले दिल्लीवून लोक आनले?” मागून एक बाई म्हणाली.

सगळं आवार हसलं. सरपंचबाईसुद्धा हसल्या. मी थांबले, हसणं संपू दिलं, पुढे वाचलं. पाणी कोण आणतं, सरपण कोण आणतं. प्रत्येक वाक्याला मागून “हाव”, “बराबर हाय”, “आन् आनखी कोन आननार?” असे आवाज येत राहिले, जणू पोथीला हुंकार देताहेत. वाऱ्यानं झेंडा फडफडत होता. मला एक क्षण असं वाटलं की हे सगळं मी आधी ऐकलेलं आहे, फक्त आता हेडफोन नाहीत.

कागद संपत आले तेव्हा अडतीस नंबरचा नवरा कठड्यावरून उठला.

“बाई, एक इचारतो. घरात कोन ठरवते, तेबी इचारलं होतं ना तुमी? त्याचं काय निंघालं?”

आवारात चुळबुळ झाली. मी ताडपत्रीच्या मागच्या टोकाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझ्या चेहऱ्यावर सगळं आलं असतं. मी पान उलटलं, ओळीवर बोट ठेवलं आणि जे छापलं होतं ते वाचलं. “बहुतेक घरांत, निर्णय पुरुष घेतात, असं उत्तर देणाऱ्यांनी सांगितलं.”

“हं,” तो म्हणाला आणि खाली बसला. शेजाऱ्याला म्हणाला, “बराबर लिवलं हाय.”

मागे कुणाला तरी खोकला आला. बराच वेळ थांबला नाही.

सभा उठल्यावर तोच माझ्याकडे आला. पांढरा सदरा घडीच्या खुणांसकट अंगावर. “बाई, जरा घरी येता का? कागद हाय इंग्रजीतला.”

ओसरीवर खाट टाकलेली होती. खाटेवर नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज होता, कुणाकडून तरी प्रिंट काढून आणलेला, आणि त्याच्याशेजारी बारावीची गुणपत्रिका, आधार, फोटो, सगळं प्लास्टिकच्या पिशवीतून आधीच काढून ओळीनं ठेवलेलं. मुलगी दाराआड उभी होती.

“मी ठरवलं, पोरीले शिकवाचं,” तो म्हणाला. “हे नाई म्हनून राहिली होती.” त्यानं आत बघत हनुवटी हलवली. “मी म्हनलं, जमाना बदलला.”

“मले काय समजते त्याच्यातलं,” आतून मावशी म्हणाली. “तुमीच पाहा.”

मी लिहीत गेले. नाव, जन्मतारीख, पत्ता. काही अडलं की तो आत विचारी आणि आतून “मले काय मालूम” असं उत्तर येई, आणि मग थोड्या वेळानं, जणू आठवल्यासारखं, नेमका आकडा. दुसऱ्या पानावर वसतिगृहाचा भाग होता. तिथे एक चौकोन होता: स्थानिक पालक.

“हे काय हाय?” त्यानं विचारलं.

“गोंदियात तिच्याकडे बघणारं कुणी. आजारी पडली, काही झालं, तर.”

“गोंदियाले आपलं कोन हाय?” तो आत बघून म्हणाला.

मावशी चहा घेऊन बाहेर आली, माझ्या हातात कप दिला, आणि उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडायला लागली. खडा सापडला, तिनं तो अंगणात टाकला. दुसरा सापडला. ती वर बघत नव्हती. तो अर्जाकडे बघत होता, मग रस्त्याकडे, मग मान खाजवत माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडेच. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

“अवो, हे बाई हाय ना!” तो बायकोला म्हणाला. “गोंदियाची. घर हाय तिथं. संसदेत हाय. मले आताच सुचलं.”

“बाईले इचारा पहिले,” मावशी म्हणाली. “त्याइले जमते का नाई.”

मी खाटेवरच्या त्या ओळीनं मांडलेल्या कागदांकडे पाहिलं, आणि तिच्या हाताखालच्या सुपाकडे. पहिल्याच दिवशी मोहाखाली ती माझ्याजवळ का सरकली असेल, याचा विचार करायला मी त्यानंतर बराच वेळ घेतला. तेव्हा मी फक्त कप खाली ठेवला आणि त्या चौकोनात, मोठ्या अक्षरांत, माझं नाव लिहिलं.